रॉक आणि ब्लूजचे लाइव्ह अल्बम : इंदूरच्या आमच्या बैठकीत हमखास विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी राजेंद्रनगरच्या आमच्या घरी सात-आठ जण जमतात आणि एक लाइव्ह अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. मध्ये चहा, शेवटी जिरावण मसाला भुरभुरवलेले पोहे. नवा माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, मी तीच ती उत्तरं देतो आणि जुने लोक छताकडे बघत बसतात. त्यांच्यावर दया म्हणून हे एकदाचं लिहून काढलं.

लाइव्हच का? स्टुडिओतली गाणी जास्त स्वच्छ असतात की.

असतातच. स्टुडिओत ड्रम्स सोमवारी, गिटार बुधवारी आणि गाणारा शुक्रवारी असंही काम चालतं. कुठे चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा. त्यात वाईट काही नाही, माझं अर्धं कपाट तसल्याच रेकॉर्डनी भरलंय.

पण मला हा नाद लागला तो दुसऱ्याच वाटेने. वडील गेल्यावर त्यांच्या खोलीत एक स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि चौदा टेपा निघाल्या. साठच्या दशकात इंदुरात कुणाकुणाच्या दिवाणखान्यात झालेल्या घरगुती मैफली. एका टेपवर ख्याल रंगात आलाय, गवई तान घेऊन समेकडे निघालाय, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी हातून फुलपात्र पडतं. फरशीवर लांबलचक खणखणाट. गवई थांबत नाही. तो फुलपात्राचा सूर उचलतो, त्याच्यावर क्षणभर रेंगाळतो आणि तिथूनच उतरत समेवर येतो. सगळे हसतात, 'क्या बात है' होतं, आणि त्यात एक आवाज माझ्या वडिलांचा आहे.

लाइव्ह अल्बममध्ये मी ते फुलपात्र शोधत असतो. ठरवलेलं नव्हतं असं काहीतरी झालं, आणि मंचावरच्यांनी ते ऐकून तिथल्या तिथे काहीतरी केलं, अशी एक तरी जागा. ती नसेल तर तो अल्बम म्हणजे स्टुडिओतलीच गाणी, फक्त मागे टाळ्या.

ब्लूज म्हणजे नक्की काय? थोडक्यात सांगा.

बारा बारचं आवर्तन. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एक फेरी अठ्ठेचाळीस मात्रांची. तेवढ्यात तीन ओळी बसतात: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी त्यांना उत्तर देणारी. पहिली ओळ षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर), दुसरी मध्यमाच्या कॉर्डवर जाऊन परत येते, तिसरी पंचमावरून उतरत घरी. गंधार ना धड कोमल ना धड शुद्ध. तार ओढून दोन्हींच्या मधे कुठेतरी लावलेला असतो, आणि सगळं दुखणं त्या मधल्या जागेत असतं. मींड ऐकायची सवय असलेल्या कानाला हे शिकवावं लागत नाही.

सगळाच ब्लूज असा चौकटीत बसत नाही. जॉन ली हूकर तर मनाला येईल तेव्हा आवर्तन पूर्ण करायचा आणि साथीदारांची त्रेधा उडायची. पण सुरुवातीला बारा मोजायला शिकलात तर पुढची मजा दुप्पट होते.

मी अगदीच नवखा आहे. पहिला अल्बम कोणता?

बी. बी. किंगचा 'लाइव्ह अॅट द रीगल'. याच्यावर आमच्यात वाद नाही. बाकी सगळ्यावर आहे.

२१ नोव्हेंबर १९६४, शिकागोच्या साउथ साइडमधलं रीगल थिएटर. अल्बम आला १९६५ मध्ये. सगळा मिळून जेमतेम पस्तीस मिनिटांचा, म्हणजे राजेंद्रनगरहून राजवाड्याला संध्याकाळच्या गर्दीत पोचेपर्यंत संपतो. रीगल हे कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं त्यांचं स्वतःचं थिएटर, आणि किंग तिथे घरच्यांसमोर गातोय. त्याचं गोऱ्या रॉकप्रेमींत नाव व्हायला अजून तीन-चार वर्षं होती.

दोन गोष्टी कान देऊन ऐका. एक, किंग गाताना गिटार वाजवत नाही आणि गिटार वाजवताना गात नाही. हे एकाच वेळी आपल्याला जमत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. पण त्या उणिवेचं त्याने काय केलं बघा: ओळ गायची, थांबायचं, मग गिटारने तिचं उत्तर द्यायचं. गवई आणि साथीचा हार्मोनियमवाला एकाच माणसात. सूरही मोजके. दुसरा कुणी वीस सूर वाजवेल तिथे हा तीन वाजवतो आणि तिसऱ्यावर बोट थरथरवत उभा राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या चार गाण्यांची सलग माळ. गाणं संपलं असं वाटतं, पण बँड दबक्या आवाजात चालूच असतो आणि किंग त्याच्यावर बोलत राहतो, कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगात शिरताना बोलतो तसा. चौथ्या गाण्यात एक गाऱ्हाणं आहे: बायकोला मोटार घेऊन दिली, जेवायला नेलं, राहायला घर दिलं, तिला काहीच पसंत नाही. यादी चढत जाते, बँड दर ओळीला थांबून धक्का देतो, आणि शेवटी सात मुलांवर गोष्ट येते. ती ओळ पडते तेव्हा थिएटरातल्या बायका जे किंचाळतात ते ऐकून आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा खाली आल्या होत्या. 'काय झालं रे?' म्हणाल्या. गाण्याचा अर्थ सांगितला तर हसत बसल्याच. तेव्हापासून येतात.

गिटारचं नाव ल्यूसिल का, हे कुणीतरी विचारतंच. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी एका नाचघरात किंग वाजवत होता. ऊब यावी म्हणून मधोमध रॉकेलचं पिंप पेटवलेलं. दोन माणसं भांडली, पिंप लवंडलं, आग लागली. किंग बाहेर पळाला आणि गिटार आणायला परत आत गेला. भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून होतं असं नंतर कळलं. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण राहावी म्हणून त्याने गिटारला ते नाव दिलं.

एकच गाणं तेवीस मिनिटं? इतकं लांबवायची काय गरज?

हा प्रश्न नेहमी ऑलमन ब्रदर्स बँडच्या 'अॅट फिलमोर ईस्ट'च्या दिवशी येतो, आणि विलंबित ख्याल तासभर ऐकणारे लोक विचारतात याचं मला नवल वाटतं.

न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट, १२ आणि १३ मार्च १९७१. तेवीस मिनिटांचं गाणं म्हणजे 'व्हिपिंग पोस्ट'. स्टुडिओतल्या पहिल्या अल्बममध्ये ते पाच मिनिटांच्या आसपास आहे. इथे त्याने एलपीची चौथी बाजू अख्खी खाल्ली आहे. सुरुवात होण्याआधी प्रेक्षकांतून कुणीतरी गाण्याचं नाव ओरडतो, बँडचा गिटारवाला ड्वेन ऑलमन 'ओळखलंस' अशा अर्थाचं काहीतरी बोलतो, आणि बेरी ओकलीचा बेस एकटा सुरू होतो.

तो बेस मोजून बघा. तीन, तीन, तीन, दोन. अकरा. रुद्र ताल अकरा मात्रांचाच, पण इथे तो खंड कळण्याआधीच अंगावर येतो. शेवटच्या दोनमुळे दर आवर्तनाला जिन्याची एक पायरी कमी असल्यासारखं होतं. ग्रेग ऑलमनने हे गाणं बांधलं तेव्हा आपण अकरात आहोत याचा त्याला पत्ता नव्हता. थोरल्या भावाने, ड्वेनने, मोजून दाखवलं. कडवी सुरू झाली की ताल सरळ होतो, म्हणून प्रत्येक वेळी अकरावर परतताना पोटात गोळा येतो.

मधल्या भागात दहाव्या मिनिटाच्या पुढे कधीतरी सगळं विरत जातं. ताल जवळजवळ थांबतो. दोन गिटार एकमेकांना विचारत विचारत चालतात, दोघे ड्रमर नुसती झांज कुरवाळतात. हे कुठे चाललंय हे कुणालाच माहीत नाही, वाजवणाऱ्यांनाही नाही, आणि तरी समोरच्या गर्दीतून चकार शब्द नाही. तिथे माझं फुलपात्र आहे. ड्वेन जॅझवाल्या माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या रेकॉर्डी घासून घासून ऐकायचा. कशासाठी, ते या पाच-सहा मिनिटांत कळतं.

निर्माता टॉम डाउड. रात्री कार्यक्रम संपला की बँडसह बसून टेप ऐकायचा आणि कुठलं गाणं जमलं, कुठलं उद्या पुन्हा वाजवायचं ते ठरवायचा. पहिल्या दिवशी मंचावर आलेली वाद्यवृंदातली जादा फुंकवाद्यं त्यानेच हट्टाने बंद करवली. ऐकताना त्याचे उपकार वाटतात.

स्लाइड गिटारबद्दलही विचारतात. पहिल्याच गाण्यात जो आवाज रडत-हसत वर चढतो तो ड्वेनच्या बोटात घातलेल्या औषधाच्या काचेच्या बाटलीचा आहे. सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली. अल्बम आला जुलै १९७१ मध्ये, आणि २९ ऑक्टोबरला मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. चोवीस वर्षांचा होता.

घरातली थोरली मंडळी शास्त्रीयच ऐकतात. त्यांना काय ऐकवावं?

आमच्या आतोबांचा किस्सा सांगतो. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी उस्ताद अमीर खाँसाहेबांना इथेच इंदुरात समोर बसून ऐकलेला माणूस. झुमऱ्यातल्या चौदा मात्रा इतक्या संथ की दोन मात्रांच्या मधे पान लावून व्हायचं, असं सांगतात. एकदा पाऊस थांबेना म्हणून बैठकीत अडकले. 'व्हिपिंग पोस्ट' लावलं होतं. मांडीवर हात चालू, कपाळावर आठ्या. शेवटी म्हणाले, "अरे, हे लोक अकरा मोजतायत का?"

"हो आतोबा."

"मग मघापासून सांगत का नाहीस? मी बारा धरून बसलोय आणि दर वेळी तोंडघशी पडतोय."

त्यानंतर हात बरोबर पडायला लागला. दोन तबलजी कशाला ठेवलेत, एवढी एक तक्रार जाताना केली.

तेव्हा थोरल्यांना सोपं काहीतरी द्यावं असं समजू नका. मोजण्यासारखं द्या. याच अल्बममधलं 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' हे बिनशब्दांचं आहे, तेही चालतं. नाव मेकन गावातल्या दफनभूमीतल्या एका थडग्यावरून घेतलेलं.

डीप पर्पल बँडचा 'मेड इन जपान' इतका का गाजला?

आमच्या पिढीला विचाराल तर कॅसेटमुळे. १९८९ साली मी राजवाड्याजवळच्या एका दुकानातून तो भरून घेतला होता. दुकानदाराने सी-६० कॅसेटवर भरला आणि आतल्या कार्डावर सातही गाणी सुंदर अक्षरात लिहून दिली. पहिल्या बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. सातवं कुठेच नाही. बसणारच नव्हतं: अल्बम सव्वा तासाचा, कॅसेट तासाभराची. कार्डावरचं 'स्पेस ट्रकिन' हे नाव मी नऊ वर्षं वाचत राहिलो. पुण्यात मित्राकडे सीडीवर ते वीस मिनिटांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं सांगायचं तर जरा लांबलेलं वाटलं. नऊ वर्षांत मनात जे वाजत होतं ते यापेक्षा भारी होतं.

असो. डीप पर्पल, ऑगस्ट १९७२: १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ला टोकियोचं बुडोकान. मूळ बेत हा अल्बम फक्त जपानात विकायचा होता. बँडला फारशी उत्सुकता नव्हती, आणि म्हणूनच बहुधा वाजवताना कुणी रेकॉर्डिंगच्या धाकात नाही. ड्रम्स, बेस, ऑर्गन, गिटार प्रत्येकाची जागा इतकी स्पष्ट की डोळे मिटून कोण कुठे उभा आहे ते दाखवता येतं. 'चाइल्ड इन टाइम'च्या सुरुवातीची शांतता ऐका; प्रेक्षक श्वास धरून बसलेत. आणि 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये रिची ब्लॅकमोरची गिटार आणि इयन गिलनचा गळा यांचे सवाल-जवाब आहेत. गिटार एक फिरकी टाकते, गिलन ती गळ्यातून परत करतो, मग ती आणखी अवघड टाकते. फडावरच्या सवाल-जवाबाइतकाच त्यात खोडसाळपणा आहे.

लाइव्ह म्हणून विकलेलं सगळं खरंच लाइव्ह असतं का?

नाही हो. यादी लांब आहे.

जॅनिस जॉपलिन ज्यात गायली तो १९६८चा 'चीप थ्रिल्स' ऐकून मी कित्येक वर्षं तो अख्खा मैफलीतलाच समजत होतो. बहुतेक सगळं स्टुडिओतलं, गर्दीचा आवाज वरून ओतलेला. खरं लाइव्ह फक्त शेवटचं 'बॉल अँड चेन'. क्रीम या बँडच्या 'व्हील्स ऑफ फायर'वर सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरचं नाव छापलंय, पण त्यातलं प्रसिद्ध 'क्रॉसरोड्स' तिथल्याच विंटरलँड या दुसऱ्या सभागृहात वाजवलेलं आहे. बॉब डिलनचा १९६६चा कार्यक्रम चोरट्या रेकॉर्डींवर 'रॉयल अल्बर्ट हॉल' म्हणून फिरला. तो होता मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला. १९९८ मध्ये अधिकृतपणे आला तेव्हा चुकीचं नाव अवतरणचिन्हांत टाकून तसंच ठेवलं, इतकं ते रुळलं होतं. ग्रेटफुल डेडच्या 'युरोप ७२'मधलं बरंचसं गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा गायलेलं. थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दल तर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो पाऊण भाग नंतरचा, आणि बँडवाले म्हणतात साफ खोटं.

माझं मत: एखादी बेसूर ओळ दुरुस्त केली तर माझी हरकत नाही. लग्नाच्या फोटोत कुणी मुरुम पुसत असेल तर पुसू दे. पण नवरदेवच नंतर चिकटवला असेल तर सांगायला हवं.

मग सगळ्यात प्रामाणिक कोणता?

द हू या इंग्लिश बँडचा 'लाइव्ह अॅट लीड्स'. १४ फेब्रुवारी १९७०, लीड्स युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांची मेस. त्याआधीच्या अमेरिकन दौऱ्याच्या ढीगभर टेपा साठल्या होत्या. त्या सगळ्या ऐकत बसायच्या कल्पनेनेच गिटारवाल्या पीट टाउनशेंडला कंटाळा आला आणि त्याने त्या जाळून टाकायला सांगितल्या. मग दोन नवे कार्यक्रम ठरवले, एक लीड्सला आणि दुसऱ्या दिवशी एक हल या शहरात. हलच्या टेपवर पहिल्या काही गाण्यांत बेसच उमटला नव्हता. उरलं लीड्स.

वेष्टन साध्या तपकिरी पुठ्ठ्याचं, त्यावर शिक्का मारल्यासारखं नाव. मुद्दाम चोरट्या रेकॉर्डीसारखं. टेपवर तारेच्या दोषामुळे चट्-चट् आवाज आले होते, तर रेकॉर्डच्या लेबलवरच लिहून टाकलं की करकर ठीक आहे, दुरुस्त करू नये. माझ्या कपाटातल्या निम्म्या तबकड्यांवर हे वाक्य चिकटवायला हरकत नाही. आता खोड काढायचीच तर मागचे कोरसचे आवाज नीट उमटले नव्हते म्हणून लंडनला एका दमात पुन्हा गायलेत. तेवढं माफ.

मूळ एलपीवर सहाच गाणी, आणि त्यातली तीन दुसऱ्यांची. चौदा मिनिटांच्या वर चालणाऱ्या 'माय जनरेशन'मध्ये टाउनशेंड एक कॉर्ड मारतो आणि थांबतो. मेसच्या मागच्या भिंतीवरून आवाज परत येतो. तो पुन्हा मारतो, जरा वेगळा. मला तरी तो भिंतीशीच बोलतोय असं ऐकू येतं. फुलपात्र नाही, भिंत.

प्रेक्षकांच्या आरडाओरड्याचा त्रास होत नाही का?

मैफलीत दाद देणारे नसतील तर गवई काय भिंतीला गाणार? (वरचं उत्तर वाचून यावर कुणी टोमणा मारू नये.)

नुसता गोंगाट असेल तर त्रास होतो. पण काही अल्बममध्ये श्रोता हेच एक पात्र असतं. बी. बी. किंगचा 'लाइव्ह इन कुक काउंटी जेल' घ्या, १० सप्टेंबर १९७०. सुरुवातीला शेरीफ आणि न्यायाधीशांची ओळख करून दिली जाते, आणि कैदी त्यांची मनसोक्त हुर्यो उडवतात. तो आवाज तसाच ठेवलाय. मडी वॉटर्सच्या 'अॅट न्यूपोर्ट १९६०'मध्ये लोकांनी 'मोजो' हे गाणं पुन्हा करायला लावलं आणि त्याचा दुसरा भागही रेकॉर्डवर आला. आदल्या दिवशी बाहेर दंगल झाल्यामुळे न्यूपोर्टचा तो जॅझ महोत्सव गुंडाळायचं ठरलं होतं. लँग्स्टन ह्यूज या कवीने तिथल्या तिथे निरोपाचे शब्द लिहिले आणि ऑटिस स्पॅनने ते पियानोवर बसून गायले. अल्बम त्याच्यावर संपतो. त्यानंतर मी पाच मिनिटं काही लावत नाही.

उलटंही होतं. १९८२ मध्ये माँत्रोच्या महोत्सवात स्टीव्ही रे व्हॉनचा धो-धो ब्लूज लोकांना रुचला नाही आणि त्यांनी चक्क 'बू' केलं. रेकॉर्डवर ऐकू येतं. इंग्लिश गायक डेव्हिड बोवी मात्र तिथेच होता. त्याने हा गिटारवाला हेरला आणि आपल्या पुढच्या अल्बमसाठी बोलावलं.

आणि आपल्याकडच्यांना सगळ्यात आवडणारी जागा: १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, बांगलादेशासाठीची मैफल. पंडित रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. सूर जुळवून झाले तशी हजारोंनी टाळ्या वाजवल्या. पंडितजी शांतपणे म्हणाले, सूर जुळवणं तुम्हाला इतकं आवडलं, तर वादन त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे. आतोबा हे दर वेळी पुन्हा लावायला सांगतात.

यात बायका कुठे आहेत?

भाचीने विचारलं आणि मी ओशाळलो. तेव्हापासून अरेथा फ्रँकलिनचा 'लाइव्ह अॅट फिलमोर वेस्ट' पक्का झालाय. मार्च १९७१, ऑलमन बंधूंच्या एकच आठवडा आधी, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तो सोल आहे, ब्लूज नाही, असं म्हणणाऱ्याने शेवटच्या रात्री ती रे चार्ल्सला मंचावर घेऊन येते तेव्हा काय होतं ते ऐकावं आणि मग माझ्याशी बोलावं. जॅनिसचं 'बॉल अँड चेन' वर आलंच. ते मूळ बिग ममा थॉर्नटनचं. आणि सिस्टर रोझेटा थार्पचा १९६४चा मँचेस्टरमधला टीव्हीचा कार्यक्रम बघा. ओसाड रेल्वे स्टेशन, पाऊस, अंगात जाड कोट, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. अल्बम नाही, पण आमच्याकडे नियम मीच केलेत.

ड्रम सोलो चालू झाला की काय करावं?

चहा ठेवावा. लेड झेपलिनच्या 'हाउ द वेस्ट वॉज वन'मधला एकोणीस मिनिटांचा असल्याने भजीही होतात.

गिटारवाला जिमी हेंड्रिक्स कुठला ऐकायचा?

'बँड ऑफ जिप्सीज'. फिलमोर ईस्टलाच, १ जानेवारी १९७०. कारण अगदी रुक्ष: जुन्या काळी सही केलेल्या एका कराराचं भांडण मिटवायला एक अल्बम देणं भाग होतं. त्या जबरदस्तीतून 'मशीन गन' निघालं. बारा मिनिटं. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्यांना अर्पण करून तो सुरू करतो. मग गिटारमधून गोळ्या, हेलिकॉप्टर आणि माणसाची किंकाळी येते. हेंड्रिक्स आणि बेसवाला बिली कॉक्स दोघे सैन्यात एकत्र होते. हे गाणं आम्ही एकदाच लावलं. खोलीत कुणी काही बोललं नाही, पोहेही उरले.

रोरी गॅलाघर कोण?

आयरिश ब्लूज गिटारवाला. जो कुणालाच माहीत नसतो आणि ऐकल्यावर ज्याची रेकॉर्ड सगळे मागून नेतात तो. 'आयरिश टूर ७४'. बेलफास्टमध्ये बाँब फुटत होते, बाहेरचे बँड फिरकत नव्हते, तेव्हा हा दरवर्षी तिथे जाऊन वाजवायचा. माझी प्रत सध्या कुणाकडे आहे ते त्याला माहीत आहे. आणून द्यावी.

कशावर ऐकावं? महागडी सिस्टिम लागते का?

नाही. माझे स्पीकर जुने आहेत, डावा थोडा घोगरा. मोबाइलवर ऐकणार असाल तर शफल बंद करा आणि गाण्यांमधला आपोआप येणारा विराम काढून टाका. नाहीतर टाळ्यांच्या मधोमध कात्री लागते आणि रीगलची ती माळ तुटते. लाइव्ह अल्बमचा खालचा आवाज, बेस आणि खोलीची घुमार, छोट्या स्पीकरमध्ये मरतो, म्हणून बरे हेडफोन घ्या.

वाढीव आवृत्त्यांबद्दल: लीड्सची १९९५ची सीडी चौदा गाण्यांची आहे, फिलमोरचेही अनेक सीडींचे मोठाले संच मिळतात. आधी मूळ ऐका. फिलमोरच्या 'स्टॉर्मी मंडे'मधून डाउडने माउथ ऑर्गनचा सोलो कापला होता, पुढच्या आवृत्तीत तो परत आला. मला कापलेलंच बरं वाटतं. आमच्यातले दोघे यावरून अजून रुसलेले आहेत.

इथे प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

इंदुरात एखाद्या कॅफेत पोरं वाजवतात, त्यातली काही खरंच चांगली. मोठं ऐकायचं तर रात्रीची अवंतिका धरून मुंबई. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी शिकागोचा ब्लूज गिटारवाला बडी गाय आला होता. शिलाँगचा 'सोलमेट' हा ब्लूज बँड कुठे वाजवत असेल तर तिकीट काढा, विचार करत बसू नका.

पुढच्या बैठकीला काय आहे? काय आणू?

लीड्स. साडेपाचला सुरू, वाट बघितली जात नाही. काही आणू नका. आणायचंच तर शेव आणा, मागच्या वेळी संपली होती. नंतर ज्यांना सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, यायचंय त्यांनी हेल्मेट बरोबर ठेवावं, गराडूचा (तळलेल्या मसालेदार कंदाचा) हंगाम सुरू झालाय. आणि पेले, कप, फुलपात्रं जमिनीवर ठेवलीत तरी चालेल.